आईचा एकशे पंचवीस ताप

मे महिन्याच्या भर दुपारी, बाहेर पारा त्रेचाळीसवर असताना, मी माझ्या सख्ख्या आईला तीन सोलापुरी चादरींत गुंडाळून ठेवलं होतं. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद.

हे सांगितलं की लोक आधी दचकतात आणि मग हळूच विचारतात, "आई... आहेत ना अजून?" आहे की! चांगली ठणठणीत आहे. आतल्या खोलीत मालिका बघत बसलीय आणि मी हे लिहितोय असं कळलं तर माझी सालटी काढायला कमी करणार नाही. त्या दिवशी गचकायची पाळी कोणावर आली असेल, तर ती माझ्यावर!

झालं असं, की माझी बायको वसुधा काश्मीरला निघाली होती. लग्नाला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत तिची काश्मीरची सहल तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. एकदा माझा हर्निया, एकदा मुलाची बारावी, आणि एकदा तर निव्वळ माझ्या तोंडाकडे बघून ("तुम्हाला एकटं टाकून गेले तर घराचं काय कराल, देव जाणे!"). या खेपेला मात्र भिशीतल्या सगळ्या बायका एक झाल्या, त्यांनी हिला घोड्यावर बसवलं आणि तिकिटं काढून मोकळ्या झाल्या. सकाळच्या गाडीने पुणं, रात्री तिथे एका मैत्रिणीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान.

निघताना उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, "आईंना जपा. जरा जरी काही वाटलं तर कळवा, मी पुण्याहून परत फिरते."

"काही होत नाही!" मी म्हणालो. "एवढी मोठी बँकेची शाखा सांभाळली मी, एक म्हातारी सांभाळता येणार नाही?"

"शाखेला जेवायला घालावं लागत नव्हतं," ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

मला ते लागलं. खरंच लागलं! मी तिथेच मनाशी ठरवलं, की आभाळ कोसळलं तरी या बाईने या वेळी काश्मीर बघायचंच. बर्फात उभं राहून, ते भाड्याचे झगमगीत कपडे घालून, फोटो काढायचेच. आणि मी तिला एकही फोन करायचा नाही.

दुपारी मी आमटी केली. आयुष्यातली पहिली. मोबाइलवर एक ताई "अगदी सोप्पी" म्हणत होत्या, त्या म्हणतील तसं करत गेलो. फक्त त्या जिथे "चवीनुसार" म्हणत होत्या तिथे माझी पंचाईत होत होती, कारण चव अजून आलीच नव्हती तर तिच्यानुसार काय घालणार? रंग जरा गाभण आला होता (म्हणजे नेमका कसा, ते मलाही सांगता येणार नाही, पण बघितलं असतंत तर पटलं असतं). वाटी भरून आईसमोर ठेवली. आई कूलरच्या अगदी तोंडाशी बसली होती. तिने वाटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वाटीत बघितलं.

"दत्त्या, मला न्हाय जेवायचं रं," ती म्हणाली. "अंगात कसकस हाय. जरा पडते."

बायकोची गाडी अजून पुण्यालासुद्धा पोचली नसेल, आणि इथे म्हातारीने अंथरूण धरलं!

आमच्या घरचा काचेचा थर्मामीटर वसुधाने काश्मीरला नेला होता ("तिकडच्या थंडीत कोणाला ताप आला तर?"). म्हणजे गारठ्याच्या गावाला निघालेल्या बाईने ताप मोजायचं यंत्र नेलं, आणि आम्ही या भट्टीत तसेच राहिलो. पण आमचा मुलगा ओंकार जर्मनीत असतो. त्याने दिवाळीला येताना एक थर्मामीटर आणला होता, तो डबीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता. आता काढला. आईच्या काखेत धरला. टुंई टुंई वाजला. बघतो तर छत्तीस पॉइंट आठ!

आता हे नीट समजून घ्या. आमच्या घरात अंग कायम अठ्ठ्याण्णव असतं. नव्याण्णव झालं की कणकण, शंभर झालं की ताप, एकशे दोन झालं की डॉक्टर. आकडा वर चढला तर काय करायचं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आकडा छत्तीसवर घसरल्यावर काय करायचं, हे आमच्याकडे कोणी कधी सांगितलंच नव्हतं! मी हात धरून बघितला. गार! (कूलरच्या तोंडाशी तासभर बसलेल्या बाईचा हात गारच असणार, पण हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं.)

डॉक्टरांना फोन लावला. दवाखाना पाचला उघडणार. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी डॉक्टरसुद्धा मोबाइल गप्प करून झोपतात, त्यात त्यांची काही चूक नाही. मग मी समोरच्या दारावर थापा मारल्या.

समोर येमूल राहतात. चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणून अख्खी हयात घातलेला माणूस. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि सल्ला द्यायचा तर दोन्ही.

"अय्यो! छत्तीस?" त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. "घोडकेसाहेब, बाहेर त्रेचाळीस हाय की ओ! आणि आई छत्तीस? म्हणजे आई सोलापूरपेक्षा गार झाल्या!"

हे मला अतिशय पटलं. आजही सांगतो, त्या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही.

"माझ्या मामाचं शेवटी असंच झालं," येमूल हळू आवाजात म्हणाले. "पायाकडून गार, गार, गार... थांबा, मी आलो."

ते गेले आणि कोरी करकरीत चादर घेऊन आले. घडीसुद्धा न मोडलेली! कूलर बंद केला, पंखा बंद केला, आणि आम्ही दोघांनी आईला पायाच्या बोटांपासून हनुवटीपर्यंत गुंडाळलं.

"अरं, काय करतोयस दत्त्या? लई उकडतंय की रं!"

"उकडतंय म्हणतात!" येमूल कळवळून म्हणाले. "मामापण शेवटी असंच कायबी बोलायचा."

थोड्या वेळाने पुन्हा यंत्र लावलं. सदतीस पॉइंट एक. चढला! आम्ही दोघांनी एकमेकांचे हात धरले. मग दुसरी चादर. मी आल्याचा कडकडीत चहा करायला आत गेलो, येमूल तिसरी चादर आणायला त्यांच्या घरी गेले. मी चहा घेऊन आलो, तर चादरीच्या आतून आवाज येत होता. कुडुम, कुडुम, कुडुम.

"ऐकलं का?" तिसरी चादर हातात घेऊन येमूल दारातच थिजले. "दात वाजतायत ओ आईंचे! थंडी भरली!"

आईने चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती आणि डोळे गच्च मिटले होते. मी हाक मारली तर तिने उत्तरही दिलं नाही. तोंडच उघडेना! मी तिसरी चादर घातली, तिच्या उशाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडायच्या बेताला आलो. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला काश्मीर आठवलं नाही, वसुधा आठवली नाही. मला एवढंच वाटलं, की आता मला दत्त्या म्हणणारं कोणी राहणार नाही.

आणि अशा अवस्थेत मी बार्शीला, माझ्या धाकट्या बहिणीला फोन केला. शालनला फोन करणं आणि चावडीवर दवंडी पिटणं यात फरक एवढाच, की दवंडीवाला मधे श्वास घेतो.

"शालन, घाबरू नकोस. आईचं अंग जरा गार पडलंय. सदतीसवर आहे."

"सदतीस?" पलीकडे भांडं पडल्याचा आवाज. "दादा, अरे काय बोलतोयस तू? वहिनी कुठंय?"

"गाडीत. तिला काही सांगू नकोस! शपथ आहे!"

"मी कशाला सांगते?" असं म्हणून तिने फोन ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या तो वसुधाला लावला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तिकडे ओंकारला फोन लावत होतो. जर्मनीचं यंत्र, तर जर्मनीतल्याच माणसाला विचारावं, असा माझा साधा हिशेब. तो मीटिंगमध्ये होता. त्याने फोन कापला आणि निरोप टाकला, "बाबा, ते सेल्सिअस आहे. फॅरेनहाइट करून घ्या. नऊ छेद पाच आणि बत्तीस." बस्स! बापाची आई मरायला टेकलीय आणि पोरगा अपूर्णांक पाठवतो!

तोवर यंत्र सदतीस पॉइंट नऊ दाखवत होतं. आईला घाम फुटला होता (येमूल म्हणाले, "घाम म्हणजे चांगलं लक्षण!"). मी मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर उघडलं. नऊ छेद पाच आणि बत्तीस. पण आधी बत्तीस की आधी नऊ छेद पाच? शाळेत ते सूत्र मी घोकलं होतं, वहीत चौकट करून लिहिलं होतं, मास्तरांचा मारही खाल्ला होता. मार आठवत होता, सूत्र आठवत नव्हतं. मी आधी बत्तीस मिळवले, मग नऊने गुणलं, मग पाचने भागलं.

"येमूल," मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "एकशे पंचवीस पॉइंट आठ."

"क्काय?"

"एकशे पंचवीस! आईला एकशे पंचवीस ताप आहे!"

"अय्यो रामा! एवढ्यात तर भात शिजंल की ओ!" त्यांनी मोबाइल माझ्या हातातून ओढला. "द्या इकडं. बत्तीस मिळवायचे नसतात, वजा करायचे असतात. मला पक्कं आठवतंय." त्यांनी वजा केलं, गुणलं, भागलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"किती आलं?"

"दहा पॉइंट सहा."

आम्ही दोघं आईकडे बघत राहिलो. एका हिशेबाने ती उकळत होती, दुसऱ्या हिशेबाने ती गोठत होती. आणि ती स्वतः चादरीतून एक डोळा उघडून म्हणत होती, "मुडद्यांनो, हवा येऊ द्या की जरा!"

आता मी बँकेतला माणूस. दोन माणसांचे दोन आकडे आले की बँकेतला माणूस काय करतो? सरासरी काढतो! मी काढली. अडुसष्ट. हा आकडा आम्हा दोघांनाही जरा बरा वाटला, म्हणजे धड तापही नाही आणि धड गारही नाही. पण मग इलाज कशावर करायचा? यावर आमची पाच मिनिटं चांगलीच जुंपली आणि शेवटी असं ठरलं, की दोघांचाही मान राखायचा. म्हणून मी आईच्या कपाळावर बर्फाची पिशवी ठेवली आणि येमूलांनी पायांना चादर घट्ट लपेटली. कंबर आम्ही मोकळी सोडली. तिच्याबद्दल निर्णय झाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. वसुधा!

"अहो, मी परत येतेय," ती रडत होती. "आत्ताच गाडीतून पुण्याला उतरले. समोरच सोलापूरची गाडी लागलीय, तिकीट काढते. आईंचं अंग गार पडलंय आणि तुम्ही मला कळवलं नाही? शालनवन्संनी सांगितलं म्हणून कळलं तरी! मला वाटलंच होतं. माझ्या नशिबातच नाही ते काश्मीर!"

तीस वर्षं, तीन वेळा मोडलेली सहल, आणि आता चौथ्यांदा, माझ्यामुळेच! काही करून हिला थांबवायला हवं होतं. तिची भीती घालवायला हवी होती. म्हणून मी छाती पुढे काढून, अगदी धीराच्या आवाजात म्हणालो, "अगं, येऊ नकोस! आई मुळीच गार नाही. एकशे पंचवीस ताप आहे तिला!"

"किती?" तिने विचारलं. तिचं रडणं थांबलं होतं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

"एकशे पंचवीस पॉइंट आठ. म्हणजे माझ्या हिशेबाने. येमूलांच्या हिशेबाने दहा. आम्ही अडुसष्टवर मिटवलंय."

"मिटवलंय?"

"हो."

"यंत्रावर काय आकडा आहे? तुमचा नको, येमूलांचा नको. यंत्राचा."

"सदतीस पॉइंट नऊ."

"थांबा." पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. मग चष्म्याच्या घराचा खटका. स्टेशनवरच्या त्या गदारोळात, बाकड्यावर बॅग ठेवून, ही बाई काचेचा थर्मामीटर शोधत होती. "हं. याच्यावर दोन्ही बाजूंना आकडे आहेत. एका बाजूला सदतीस, त्याच्या बरोब्बर समोर अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. सदतीस नऊ म्हणजे शंभरच्या जरासं वर. लग्न झाल्यापासून हा थर्मामीटर आपल्या घरात आहे, आणि तुम्ही कायम एकच बाजू वाचलीत?"

मी नकळत जर्मनीचं यंत्र उलटं करून बघितलं.

"शंभर म्हणजे ताप आहेच की पण," ती पुन्हा काळजीत पडली. "पहिल्यांदा बघितलं तेव्हा किती होता?"

"छत्तीस आठ."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव! म्हणजे काहीच नव्हतं! मग चढला कसा?"

"चादरी घातल्या..."

"चादरी? किती? मे महिन्यात?" तिचा आवाज इतका चढला, की येमूल फोनपासून दोन पावलं मागे सरकले. "आधी काढा त्या! कूलर लावा! पाणी द्या प्यायला! आणि फोन चालूच ठेवा, मी ऐकतेय."

आम्ही धावलो. पहिली चादर काढली, दुसरी काढली. तिसरी ओढली आणि खडखडखड करत काहीतरी फरशीवर पडलं. कडक भाकरीचे तुकडे! तिच्या उशाजवळच्या डब्यातली चांगली अर्धी भाकरी, आणि तिच्या मागोमाग शेंगाचटणीची डबी. डबी निम्मी रिकामी.

येमूलांनी एक तुकडा उचलला, कानाशी नेला आणि मोडला. कुडुम.

"दात," ते म्हणाले.

मी आईकडे बघितलं. घामाने निथळत, केस कपाळाला चिकटलेले, कपाळावर बर्फाची पिशवी तिरकी झालेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "फोन दे."

"आई, बरं वाटतंय का?" पलीकडून वसुधा ओरडत होती. मी स्पीकर लावला होता.

"मला काय धाड भरलीया?" आई म्हणाली. "मला काय झालंच न्हाय, पोरी. ह्यानं आमटी केली हुती. तू बघाया पायजे हुतीस! म्हटलं, न्हाय म्हणावं तर लेकराला वाईट वाटंल, एवढ्या हौसेनं केलीया. म्हणून म्हटलं, कसकस हाय. तर ह्यानं आणि त्या चादरीवाल्यानं मला पार हुरड्यागत भाजली की गं!"

"मग सांगायचं नाही का तेव्हाच?" मी ओरडलो.

"आन् सांगितलं असतं तर? जेवावं लागलं असतं न्हवं?"

पलीकडे वसुधा हसायला लागली. तिच्याभोवती भिशीच्या सगळ्या बायका जमल्या असणार, कारण ती एकेकीला सांगत गेली आणि हसणाऱ्या वाढत गेल्या. पुणे स्टेशनवर माझ्या आमटीवर दहा-बारा बायका हसत होत्या आणि मी इकडे सोलापुरात बर्फाची पिशवी हातात धरून ते ऐकत होतो. सांगायला लाज वाटते, पण मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"जा तू, पोरी," आई फोनवर म्हणाली. "बरफ बघून ये. हिकडं डब्यात भाकरी हाय तवर मला काय हुत न्हाय."

कूलरसमोर बसवून, तांब्याभर पाणी पाजून, अर्ध्या तासाने पुन्हा यंत्र लावलं. छत्तीस नऊ. मी ते गुणलं नाही. वसुधा दुसऱ्या दिवशी विमानात बसली. येमूल मात्र जाता जाता दारात थांबले आणि सौजन्याने म्हणाले, "आमटी उरलीय का ओ? टाकून देण्यापेक्षा..." मी वाटी भरून दिली. संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती रिकामी वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, यांच्या अंगात कसकस आहे, ते यंत्र जरा देता का?

बर्फातले फोटो आले. झगमगीत कपडे, डोक्यावर पदराऐवजी कसलासा मुकुट, आणि वसुधा अशी हसतेय की जणू काश्मीर तिच्या माहेरचं. तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय. त्याच्याखालीच ते जर्मनीचं यंत्र ठेवलेलं असतं, कारण ते लागतं. वसुधा कुठे बाहेर गेली आणि मी मोठ्या उमेदीने पळी हातात घेतली, की आतल्या खोलीतून लगेच हाक येते, "दत्त्या, ते यंत्र आण रं, मला जरा ताप भरल्यागत वाटतंय!" मी यंत्र लावतो. सदतीस येतात. मी काही मिळवत नाही, वजा करत नाही. निमूटपणे गॅस बंद करतो आणि खानावळीला फोन करून दोन डबे सांगतो. एक आईचा आणि एक माझा, कारण माझी आमटी मीही अजून चाखायचं धाडस केलेलं नाही!